डोकेदुखी डॉक्टरांना नीट कशी सांगायची: नोंदवहीपासून तपासणीच्या खोलीपर्यंत

"डॉक्टर, पित्तामुळे डोकं दुखतंय." "सायनस आहे मला, त्यानं डोकं धरतं." "चष्म्याचा नंबर वाढला असणार." मुंबईतल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी तासभर बसलात तर ही तीन वाक्यं कानावर पडतातच. तिन्हींत डोकं कुठे दुखतं, कसं दुखतं, किती वेळ दुखतं यातलं काहीच नाही. निदान तेवढं आहे, तेही पेशंटनं घरीच करून आणलेलं. बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असताना डॉक्टर बहुतेक वेळा तेच धरून पुढे जातात, पित्ताची गोळी लिहून देतात, आणि महिन्याभरानं तेच डोकं घेऊन तोच पेशंट पुन्हा हजर.

मायग्रेन रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एमआरआयमध्ये उमटत नाही. रोजच्या बहुतेक डोकेदुख्यांचं निदान पेशंटच्या बोलण्यावरूनच होतं. म्हणून काय सांगायचं, कुठल्या क्रमानं सांगायचं आणि त्यासाठी आधी काय तयारी करायची, ते इथे पायरीपायरीनं दिलं आहे. क्रम बदलू नका. पहिली पायरी सगळ्यांनी वाचायचीच.

## पायरी १: वही काढायची की रुग्णवाहिका बोलवायची, ते ठरवा

पुढच्या सगळ्या पायऱ्या वारंवार होणाऱ्या, ओळखीच्या डोकेदुखीसाठी आहेत. खालचं काही घडत असेल तर नोंदी ठेवत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. केईएम, शीव, नायर, कूपर, जे. जे. यांच्या कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असतात.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे वेग. काही नव्हतं आणि मिनिटभरात डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं दुखायला लागलं, तर मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. दुखणं तासाभरात ओसरलं तरी जायचंच. "आता बरं वाटतंय, सकाळी बघू" हा इथला सर्वांत महागात पडणारा निर्णय आहे.

तोंड एका बाजूला ओढलं जाणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडं किंवा असंबद्ध बोलणं, झटका येणं, शुद्ध हरपणं, एकाएकी दिसेनासं होणं, यांपैकी काही डोकेदुखीसोबत असेल तरी तेच. डोळा लालबुंद, दिव्याभोवती कडी दिसतात, सोबत उलटी, अशा वेळी डोळ्याच्या आतला दाब अचानक वाढलेला असू शकतो. तेही त्याच दिवशी दाखवायचं. डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत चाललं असेल, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मार किरकोळ होता म्हणून घरी थांबू नका. गरोदर बाईचं किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं जोरात डोकं दुखणं हेही थांबण्यासारखं नाही, तिचं बीपी लगेच मोजलं गेलं पाहिजे.

ताप आणि डोकेदुखी एकत्र असतील तर मान पुढे वाकवून हनुवटी छातीला लागते का ते पाहा. मान कडक असेल, उलट्या होत असतील, माणूस गुंगीत असेल तर हॉस्पिटल. मुंबईच्या पावसाळ्यात तापासोबतच्या डोकेदुखीमागे डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो ही तीन नावं आधी डोक्यात यायला हवीत. हिंदमाता असो, मिलन सबवे असो की आपल्या गल्लीचं तोंड, गेल्या तीनेक आठवड्यांत तुंबलेल्या पाण्यातून चाललेला असाल तर डॉक्टरांना ते न विचारता सांगा. पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं हेही सांगा.

> सावधान: डेंग्यूची शंका असेल तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. डिस्प्रिनमध्ये अ‍ॅस्पिरिन असतं, कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन. घरातल्या डब्यात ही दोन्ही सापडतातच.

आणखी एक गट आहे, ज्यांनी कॅज्युअल्टीत धावायचं नाही, पण महिनाभर नोंदी करण्यातही वेळ घालवायचा नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, खोकताना किंवा वाकताना उसळणारी, पहाटे उलटीसह उठवणारी, आठवड्यागणिक वाढत जाणारी. किंवा ज्यांना आधी कॅन्सर झालेला आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, अशांची. यांनी चार दिवसांच्या आत डॉक्टर गाठावा. पन्नाशीपुढच्या माणसाला केस विंचरताना टाळू दुखत असेल आणि चावताना जबडा भरून येत असेल तर चार दिवसही थांबू नका, कारण त्यात नजर जाण्याचा धोका असतो.

## पायरी २: स्वतः काढलेलं कारण बाजूला ठेवा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. कारण मनात पक्कं झालं की माणूस त्या कारणाला जुळणाऱ्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

पित्ताचंच घ्या. "डोकं चढतं, मळमळतं, उलटी झाली की पित्त पडतं आणि मोकळं वाटतं" असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. पण मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचा स्वतःचाच भाग आहे. मायग्रेनमध्ये जठराचं काम मंदावतं, आणि उलटीनंतर किंवा झोपेनंतर कित्येकांचं डोकं उतरतं. पोटामुळे डोकं दुखलं असं वाटतं, प्रत्यक्षात दोन्ही एकाच झटक्याचे भाग असतात. "मला पित्त आहे" म्हटलं की डॉक्टर पोटाबद्दल विचारतात. "उजवं कानशील ठणकतं, तासाभरात मळमळायला लागतं, उलटीनंतर कमी होतं" म्हटलं की डोक्याबद्दल विचारतात. तुम्हाला खरंच आम्लपित्त असेल तर तेही सांगा, पण वेगळं वाक्य करून.

सायनसचंही असंच. कपाळ आणि डोळ्यांच्या मागे दुखतं, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून सायनस असं ठरवलं जातं. मायग्रेनमध्येही नाक आणि डोळे वाहू शकतात. सायनसचा खरा संसर्ग असेल तर नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, बऱ्याचदा ताप, असं काही सोबत असतं. यातलं काहीच नाही, आणि महिन्यातून तीनदा "सायनस" उठतो व दुसऱ्या दिवशी आपोआप बसतो, तर संशय घ्यायला जागा आहे.

बीपीचा समज तर फारच चिवट. थोडंफार वाढलेलं बीपी सहसा डोकं दुखवत नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. उलट, डोकं जोरात दुखत असताना मोजलं तर दुखण्यापायीच आकडा थोडा चढलेला दिसतो. १८०/१२० च्या पुढे गेलं आणि डोकं दुखतंय, नजर धूसर झालीय, तर ती गोष्ट निराळी, तेव्हा लगेच हॉस्पिटल. चष्म्याचा नंबर चुकला तर बराच वेळ वाचल्यावर कपाळ हलकंसं दुखतं आणि डोळे मिटले की थांबतं. पहाटे चारला झोपेतून उठवणारं डोकं नंबरामुळे दुखत नाही.

मानेचंही नाव इथे घेतलं पाहिजे. मायग्रेनमध्ये मान आखडते, आणि मानेचा एक्सरे काढला की वय वाढत जाईल तसं त्यात बऱ्याचदा काही ना काही झीज दिसते. मग "मणक्याचा त्रास" हे लेबल लागतं आणि पट्टा गळ्यात येतो.

इथे तपासा: तुमचं पहिलं वाक्य कोऱ्या कागदावर लिहा. त्यात पित्त, सायनस, बीपी, नंबर, मणका, टेन्शन, ऊन यांपैकी एखादा शब्द असेल तर तो खोडा. उरलेल्या वाक्यात डॉक्टरांना काही कळण्यासारखं शिल्लक राहतं का?

## पायरी ३: महिनाभराची वही

साधी छोटी वही, किंवा भिंतीवरचं कॅलेंडर. आपल्याकडच्या कॅलेंडरवर एकादशी, संकष्टी आधीच छापलेली असते, त्याचा इथे खरोखर उपयोग होतो. मोबाइलमध्ये नोंद केली तरी चालेल, फक्त डॉक्टरांसमोर स्क्रोल करत बसावं लागू नये.

किमान चार आठवडे नोंदी हव्यात. पाळीच्या आसपास दुखतं असं वाटत असेल तर दोन-तीन पाळ्यांच्या, कारण पाळीशी जोडलेलं मायग्रेन साधारण पाळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत येतं आणि एकाच महिन्यात तो मेळ दिसत नाही.

एका दुखण्यासाठी एवढं लिहा: वार, तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ. जागा. कसं दुखलं. सोबत काय झालं. काय चालू ठेवता आलं, काय सोडावं लागलं. कुठली गोळी, किती वाजता, किती वेळानं फरक. त्या दिवशीची झोप, जेवण, चहा-कॉफी, उपवास.

एक नमुना:

"मंगळवार. दुपारी ४ ला सुरू. उजवं कानशील आणि डोळ्याच्या मागे. ठणके. ऑफिसातल्या ट्यूबलाइटचा त्रास, कुणाच्या तरी अत्तरानं मळमळ. दादरचा पूल चढताना वाढलं. ५ ला पॅरासिटामॉल ५००, एक. फरक नाही. घरी येऊन अंधारात आडवी. ९ ला उलटी. १० ला झोप. सकाळी डोकं रिकामं, थकवा. आदल्या रात्री झोप ४ तास. संकष्टी, सकाळपासून फक्त चहा."

पुलाची ती नोंद उगाच नाही. चालल्यानं, जिना चढल्यानं दुखणं वाढतं का, हा मायग्रेन आणि ताणाची डोकेदुखी वेगळी करणारा एक ठळक प्रश्न आहे. मुंबईकराला त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, रेल्वेचा पूल रोज असतोच.

वेळाही तितक्याच कामाच्या. गोळी न घेता मायग्रेन मोठ्या माणसात ४ ते ७२ तास चालतं. ताणाची डोकेदुखी अर्ध्या तासापासून ७ दिवसांपर्यंत कितीही. आणि एक प्रकार असा आहे की एकाच डोळ्याभोवती असह्य कळ, तोच डोळा लाल, त्याच बाजूची नाकपुडी वाहते, माणसाला एका जागी बसवत नाही, आणि हे सगळं १५ मिनिटांपासून ३ तासांत आटोपतं, कधी रोज ठरलेल्या वेळी. याला क्लस्टर म्हणतात. त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि "दातामुळे असेल" म्हणून दात काढून बसलेले लोक यात सापडतात.

चहा आणि उपवास वहीत का हवेत? रोज भरपूर चहा-कॉफी पिणाऱ्यानं ती अचानक थांबवली तर २४ तासांच्या आत डोकं धरू शकतं. आठ तासांहून जास्त उपाशी राहण्यानंही दुखतं. नवरात्रात निर्जळी करणाऱ्या बाईला दोन्ही कारणं एकाच दिवशी भेटतात. उपवास सोडा असं कुणी म्हणत नाहीये, लिहा एवढंच.

> सावधान: रविवारी बसून आठवड्याची वही आठवून भरू नका. सौम्य दिवस आठवत नाहीत, वाईट दिवस दोनाचे चार होतात. न दुखलेल्या दिवशीही तारखेपुढे शून्य घाला. कोरी जागा म्हणजे दुखलं नाही की लिहायचं राहिलं, हे नंतर तुम्हालाही सांगता येणार नाही.

## पायरी ४: नेमका शब्द निवडा

"डोकं दुखतं" एवढ्यावर थांबू नका. आपल्या बोलीत यासाठी भरपूर शब्द आहेत आणि डॉक्टर मराठी असतील तर तेच वापरा.

आधी जागा, बोट लावून: कपाळ, कानशील, भुवईच्या वर, डोळ्याची खोबण, टाळू, डोक्याचा मागचा भाग, मानगूट. एकच बाजू की दोन्ही, आणि एकच असेल तर दर वेळी तीच का? "अर्धशिशी" म्हणून मोकळे होऊ नका. मायग्रेन दोन्ही बाजूंनाही होतं, मुलांमध्ये तर बऱ्याचदा दोन्ही बाजूंनाच. अर्धंच दुखत नाही म्हणजे मायग्रेन नाही, असा अर्थ नसतो.

मग प्रकार. नाडीच्या ठोक्याबरोबर उडतं ते ठणकणं किंवा ठसठसणं. कुणीतरी फडकं घट्ट आवळल्यासारखं, डोक्यावर पाटी ठेवल्यासारखं, ते आवळणं किंवा जड होणं. क्षणभर वीज चमकावी तशी जाते ती चमक, सणक. आग होते ती भगभग. ठणका आणि आवळणं यांतला फरक निदानाची दिशा बदलतो, म्हणून खात्री नसेल तर दुखत असताना मनगटावर नाडी धरून पाहा, ठोक्याशी जुळतंय का.

तीव्रता सांगताना "खूप", "भयंकर", "फुटतंय" हे शब्द निरुपयोगी आहेत, कारण ते सगळेच म्हणतात. दहापैकी किती असंही विचारतात, पण माझ्या मते तीन पायऱ्या पुरतात: काम चालू राहिलं, काम रखडलं, आडवं व्हावं लागलं. त्यात खोटं बोलायला जागा कमी.

दोन शब्दांशी विशेष जपून. पहिला "चक्कर". घर फिरल्यासारखं गरगरणं, चालताना तोल जाणं, आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन घेरी येणं, या तिन्हींना आपण चक्करच म्हणतो. डॉक्टरांसाठी ही तीन वेगळी दुखणी, कान, मेंदू आणि रक्तदाब अशा तीन वेगळ्या दिशांची. नुसतं चक्कर म्हणू नका, काय झालं ते सांगा.

दुसरा "डोळ्यांपुढे काजवे". डोकं दुखण्याआधी नागमोडी, चमकत्या रेषा हळूहळू पसरतात, वाचताना शब्दाचा अर्धा भाग गायब होतो, हाताला मुंग्या येत वर चढतात, आणि हे ५ ते ६० मिनिटांत ओसरतं, याला ऑरा म्हणतात. अशा बायकांमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे ती गोळी चालू असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञालाही आणि डोक्याच्या डॉक्टरांनाही दोन्ही गोष्टी सांगायच्या. असं आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, किंवा हात लुळा पडत असेल, तर घरी बसून ऑरा ठरवू नका. पायरी १ वर परत जा.

इथे तपासा: उजेड, आवाज, वास, यांपैकी कशाचा त्रास होतो? बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला होत नाही. मग दुखत असताना तुम्ही पडदे ओढता का, टीव्ही बंद करायला सांगता का, फोडणीच्या वासानं स्वयंपाकघरातून बाहेर पडता का? गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे सगळ्यांनाच नकोसा होतो, तो मोजू नका.

## पायरी ५: गोळ्यांचा हिशोब

ही सर्वांत लपवली जाणारी बाजू. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये "डोकेदुखीवर काहीतरी द्या" म्हणून घेतलेली गोळी आपण औषधात धरतच नाही.

डोकेदुखी आधीपासून असलेल्या माणसानं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. एकाहून जास्त घटक असलेल्या गोळ्या, ट्रिप्टान किंवा एर्गोटामाइन (दोन्ही खास मायग्रेनसाठीची औषधं) असलेल्या गोळ्या यांच्यासाठी ही मर्यादा १० दिवसांचीच. सॅरिडॉन एका गोळीत पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन अशी तिन्ही देते, म्हणजे ती दुसऱ्या हिशोबात येते.

मोजायचे आहेत ते दिवस. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी दिवस एकच. कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या तारखेला गोल करा आणि महिनाअखेरीस गोल मोजा. आकडा दोन अंकी झाला असेल तर डॉक्टरांना सांगायची पहिली गोष्ट कदाचित हीच.

> सावधान: आकडा बघून घाबरून सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद करू नका. काही बंद केल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं, आणि काही हळूहळूच सोडवाव्या लागतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. क्रोसिन, डोलो आणि वर सर्दीची गोळी असं एकाच दिवशी घेणाऱ्याला आपण एकच औषध तीनदा घेतोय हे कळतही नाही. स्ट्रिपच्या मागे घटकांची नावं असतात, ती वाचा. बाम, सुंठीचा लेप, डोक्याला आवळून बांधलेलं फडकं, हेही वहीत लिहा. फडकं बांधून बरं वाटतं का, हाही दुवा ठरू शकतो.

## पायरी ६: कुठे जायचं, काय न्यायचं

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून, किंवा पालिकेच्या आपला दवाखान्यातून. थेट न्यूरोलॉजिस्टची घाई बहुतेकांना लागत नाही. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, केस पेपरची रांग आणि ओपीडीची रांग वेगळी असते, आणि आधी बहुधा मेडिसिन ओपीडीत पाहून मग पुढे पाठवतात.

पिशवीत वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप (साखरेच्या, थायरॉइडच्या, गर्भनिरोधक, आयुर्वेदिक, सगळ्या), जुने कागद. स्कॅन झालेला असेल तर फिल्मसोबत रिपोर्टही. चष्मा लावून जा.

घरातलं एक माणूस सोबत असेल तर उत्तम, कारण झटका आल्यावर तुम्ही कसे दिसता हे तुम्हाला ठाऊक नसतं. फक्त त्यांनी तुमच्या वतीनं बोलायचं नाही. "हिला ना, टेन्शनच फार" असं नवऱ्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं की महिनाभराची वही पिशवीतच राहते.

## पायरी ७: खोलीतलं पहिलं मिनिट

बोलायचा क्रम ठरवून जा. कधीपासून आणि महिन्यातून किती दिवस, एक झटका किती वेळ, कुठे आणि कसं, सोबत काय, काम किती बुडतं, गोळ्यांचे दिवस. कारणाबद्दलचा अंदाज शेवटी, तोही विचारला तर. असं:

"डॉक्टर, चार वर्षांपासून आहे. महिन्यातून सहा-सात दिवस दुखतं. एकदा सुरू झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. बहुतेक उजवं कानशील, कधी डावं. ठणकतं. उजेड नको होतो, मळमळतं, एकदोनदा उलटी होते. जिना चढलं की वाढतं. त्यातले तीन दिवस कामावर जाता येत नाही. महिन्यात सहा दिवस गोळी घेतली. आईलाही असंच व्हायचं."

एवढं बोलायला मिनिटभरही लागत नाही, आणि आता डॉक्टरांकडे विचारण्यासारखं खरंच काहीतरी आहे. वही उघडून टेबलावर ठेवा, वाचून दाखवू नका. एकाहून जास्त प्रकारची डोकेदुखी असेल तर "दोन प्रकारची दुखते" असं आधीच सांगून एकेक वेगळी सांगा. दोन्हींचं मिश्रण केलं की कुठलीच ओळखू येत नाही.

दमा, हृदयविकार, अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा त्याची तयारी, यांतलं काही असेल तर न विचारता सांगा. मायग्रेन रोखण्यासाठी नेहमी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला धोक्याचं असतं, टोपिरामेट गरोदरपणात टाळतात.

## पायरी ८: डॉक्टर हिंदी किंवा इंग्रजी बोलणारे असतील तर

मुंबईत हे होणारच. मराठीत विचार करून घाईघाईनं इंग्रजी जुळवताना अर्थ सांडतो. "माय हेड इज पेनिंग" हे इथले डॉक्टर समजून घेतात, पण त्यातून आत्ता दुखतंय की नेहमी दुखतं हे कळत नाही. आत्ता दुखत असेल तर "आय हॅव अ हेडेक". वारंवार दुखत असेल तर "आय गेट हेडेक्स", आणि लगेच पुढे महिन्यातून किती दिवस ते. ठणक्याला "थ्रॉबिंग", आवळल्याला "टाइट" किंवा "प्रेसिंग". गरगरण्याला "स्पिनिंग" म्हणा, "गिडीनेस" या शब्दात चक्करचाच घोळ परत येतो. हिंदीत "सर भारी लगता है" आणि "सर में टीस उठती है" या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पहिली सवयीनं तोंडात येते म्हणून ठणक्यासाठी वापरू नका.

मायग्रेन म्हणजे जास्त जोराची हेडेक नव्हे, ते एका विशिष्ट दुखण्याचं नाव आहे आणि सौम्य मायग्रेनही असतं. डॉक्टरांनी निदान केलेलं नसेल तर खोलीतही तो शब्द वापरू नका, आणि सुट्टीच्या ईमेलमध्येही नको. तिथे "सिव्हिअर हेडेक" पुरे. नंतर सर्टिफिकेटवर वेगळं काही आलं की एचआरला खुलासे देत बसावं लागतं.

## पायरी ९: उठण्याआधी आणि त्यानंतर

खुर्चीवरून उठण्याआधी चार गोष्टी विचारून वहीतच लिहून घ्या. निदान काय, नावानिशी. कुठली गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची आणि कुठली रोजची. दुखण्याची गोळी आठवड्यातून जास्तीत जास्त किती दिवस. कुठली लक्षणं दिसली तर ठरल्या तारखेच्या आधी यायचं.

यातल्या दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त घोळ होतो. रोजची गोळी दुखणं थांबवत नाही, ते कमी वेळा यावं म्हणून असते. तिचा उपयोग होतोय की नाही हे योग्य डोस सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी कळतं. आठवड्याभरात फरक नाही म्हणून ती सोडून देणारे, आणि डोकं दुखलं की तीच दोनदा घेणारे, दोघेही पुष्कळ. उलट दुखण्याची गोळी "सहन होईना तेव्हा बघू" म्हणत उशिरा घेतली तर कमी लागू पडते. सुरुवातीलाच घ्यायची, फक्त ठरलेल्या दिवसांच्या आत.

स्कॅन लिहून दिला नाही म्हणून नाराज होऊ नका. सांगणं मायग्रेनशी जुळत असेल, तपासणीत काही वावगं नसेल आणि पायरी १ मधली कुठलीच खूण नसेल तर तो बहुधा लागत नाही. तरीही मनात शंका असेल तर "स्कॅन का नको?" असं सरळ विचारा. बाहेर पडून स्वतःच्या मनानं सेंटर गाठू नका.

वही चालू ठेवा. पुढच्या भेटीला जाताना त्यातून दोन जोड्या काढून पहिल्या पानावर लिहा: आधी महिन्यातून किती दिवस दुखायचं आणि आता किती, आधी गोळीचे किती दिवस होते आणि आता किती. खोलीत शिरल्यावर हे चार आकडे आधी सांगा, बाकीचं डॉक्टर विचारतील.